वेदीजवळचे मदतनीस: कोण काय करतं आणि चुकतं कुठं

विचारलंय ते असं: नाशिकमधल्या एका कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मराठी मिस्सासाठी, म्हणजे भाकर आणि वाइन अर्पण करण्याच्या मुख्य उपासनेसाठी, दहा-बारा मुलामुलींचा वेदीसेवकांचा गट नव्याने उभा करायचा आहे. जोडीला चार-पाच वाचक आणि कम्युनियन, म्हणजे पवित्र केलेली भाकर, वाटायला दोन-तीन मोठी माणसं. प्रत्येकाचं काम नेमकं काय, त्यांना शिकवायचं काय आणि सराव होऊनही रविवारी गोंधळ का उडतो? शिवाय सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चच्या) मंडळीत हीच कामं कोण करतं?

गोंधळापासून सुरू करू. मिस्सात जे चुकतं त्यातलं बहुतेक पहिलं गीत सुरू होण्याआधीच चुकलेलं असतं. वाइनच्या कुपीचं बूच घट्ट बसलंय, मिस्साग्रंथाच्या फिती मागच्या रविवारच्याच पानावर आहेत, हात पुसायचा टॉवेल कपाटात राहिलाय, माइकची बॅटरी बदललेली नाही. मग ऐन अर्पणाच्या वेळी पोरगं सॅक्रिस्टीकडे (वेदीशेजारच्या तयारीच्या खोलीकडे) धावतं आणि सगळ्या चर्चची नजर त्याच्या मागे जाते. लोक म्हणतात मुलांना शिस्त नाही. खरं तर तयारी करून घेणारा मोठा माणूस उशिरा आलेला असतो. म्हणून गट उभा करताना पहिली नेमणूक मुलांची करू नका. सॅक्रिस्टी सांभाळणारी दोन जबाबदार माणसं आधी नेमा. त्यांनी चाळीस मिनिटं आधी यायचं, मुलांनी अर्धा तास.

आता नावांचा घोळ. वेदीजवळ झगा घालून उभी राहणारी मुलं म्हणजे वेदीसेवक. त्यांच्या नेमणुकीचा वेगळा विधी नसतो, धर्मगुरूंची परवानगी पुरते. 'ॲकोलाइट' (वेदीचा नेमलेला सेवक) आणि 'वाचक' या मात्र बिशपांच्या हातून विधीपूर्वक मिळणाऱ्या सेवा आहेत. पोप सहावे पॉल यांनी 1972 साली त्यांची घडी बसवली तेव्हा त्या फक्त पुरुषांना होत्या. जानेवारी 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्या स्त्रियांनाही खुल्या केल्या. मुलींनी वेदीसेवा करण्याला रोमने त्याआधीच, 1994 साली, वाट करून दिली होती. पण निर्णय त्या-त्या धर्मप्रांताच्या बिशपांवर सोडला होता आणि आजही तसंच आहे. नाशिक धर्मप्रांत 1987 साली पुण्यापासून वेगळा झाला, तेव्हा तुम्ही नाशिकच्या बिशपांच्या सूचना पाहायच्या. मुंबईच्या किंवा वसईच्या नातेवाइकांकडे काय चालतं हा पुरावा नव्हे. कम्युनियन वाटणारे तिसरेच. त्यांना 'असाधारण सेवक' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ थोर असा नाही. धर्मगुरू आणि डीकन (धर्मगुरूंच्या खालची दीक्षा घेतलेले सेवक) अपुरे पडतात तेव्हाच वापरायचे, एवढाच.

मिस्साआधीची मांडणी. वेदीवर कापड, दोन्ही बाजूंना किंवा वेदीजवळ मेणबत्त्या. नियम कमीत कमी दोनचा. सणाला चार किंवा सहा, आणि धर्मप्रांताचे बिशप स्वतः मिस्सा अर्पण करत असतील तर सातवी. बाजूच्या छोट्या मेजावर चॅलिस (वाइनचा पेला), त्यावर प्युरिफिकेटर (तो पुसायचं कापड), पॅटनमध्ये (ताटलीत) मोठा होस्ट (भाकरीची पातळ चकती), वर पॉल (पेल्यावरचं झाकण), शेजारी घडी केलेला कॉर्पोरल (वेदीवर अंथरायचं कापड), वाइन आणि पाण्याच्या कुप्या, हात धुण्याचा तांब्या, वाडगा, टॉवेल, घंटी, कम्युनियनच्या वेळी धरायची थाळी. कुप्यांची बुचं एकदा काढून परत सैल बसवा. वाइन आणि पाण्याच्या कुप्या दिसायला सारख्या असतील तर पाण्याच्या कुपीला पांढरा दोरा बांधा. पांढरी वाइन वापरणाऱ्या चर्चमध्ये ही अदलाबदल वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते, आणि ती सौम्य चूक नाही: चॅलिसमध्ये नुसतं पाणी गेलं तर संस्कारच होत नाही.

वाइनवरून नाशिककरांना एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडे द्राक्षं मुबलक, वाइनच्या कंपन्या दाराशी, त्यामुळे कोणी तरी प्रेमाने बाटली आणून देतं. ती सरळ वेदीवर नेऊ नका. चर्चच्या कायद्याप्रमाणे वाइन फक्त द्राक्षांची, नैसर्गिक, बाहेरचं काही न मिसळलेली आणि न बिघडलेली हवी. बाजारातल्या बाटलीत काय घातलंय याची खात्री तुम्ही देऊ शकत नाही, म्हणून धर्मप्रांताने मान्य केलेल्या ठिकाणाहूनच आणा. एप्रिल-मेमध्ये उघडी बाटली कपाटात ठेवली की आंबते, आणि व्हिनेगर झालेली वाइन चालत नाही. फ्रिजमध्ये ठेवा, बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, रविवारी सकाळी वास घेऊन बघा. एकट्या धर्मगुरूंना वीस-पंचवीस मिली पुरते. होस्ट वाइनमध्ये बुडवून देणार असाल तर दोनशे जणांना साधारण शंभर मिली धरा. त्यात पाणी घालायचं ते दोन-चार थेंब.

होस्ट निव्वळ गव्हाचे आणि बेखमिरी. गहू न चालणारं कोणी असेल तर अगदी कमी ग्लुटेनचे होस्ट मिळतात; पूर्ण ग्लुटेनमुक्त, म्हणजे तांदळाचे वगैरे, चालत नाहीत. कमी ग्लुटेनचा होस्ट वेगळ्या झाकणाच्या डबीत ठेवा आणि तो देणाऱ्याने आधी साध्या होस्टना हात लावलेला नसावा. पावसाळ्यात होस्ट सादळतात, वाकतात, एकमेकांना चिकटतात आणि दोन-दोन जातात. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात तांदळाची छोटी पुरचुंडी टाकली की काम भागतं. किती काढायचे ते अंदाजाने न ठरवता पहिल्या वाचनाच्या वेळी मागून बाक मोजा. लोकांना शक्यतो त्याच मिस्सात पवित्र झालेलं मिळावं अशी अपेक्षा आहे. टॅबरनॅकलमधला (पवित्र होस्ट ठेवायच्या बंद कपाटातला) साठा मुख्यतः आजाऱ्यांसाठी असतो.

आता चालणं. मिरवणुकीत पुढे धूपदानवाला, मग क्रॉस आणि त्याच्या दोन बाजूंना मेणबत्त्या, मग इतर सेवक, शुभवर्तमानाचं पुस्तक किंचित उंच धरलेला वाचक, शेवटी धर्मगुरू. वाचनांचं मोठं पुस्तक, म्हणजे लेक्शनरी, मिरवणुकीत आणत नाहीत. ते आधीच वाचनपीठावर असतं. टॅबरनॅकल वेदीच्या भागात असेल तर आल्यावर आणि जाताना गुडघा टेकायचा. मधे मिस्सा चालू असताना दर खेपेला टेकायचा नाही, वेदीला वाकून नमस्कार पुरे. ज्यांच्या हातात क्रॉस किंवा मेणबत्ती आहे त्यांनी गुडघा टेकायचाच नाही, नुसती मान लववायची. हे न सांगितल्यामुळे मेणबत्तीसकट पोरं झग्यावर पाय देऊन पडतात. झगा घोट्याच्या वर चार बोटं हवा. पुढच्या वर्षी होईल म्हणून लांब शिवू नका. आणि कापड सुती घ्या. पॉलिएस्टर ज्योतीला लागलं की वितळून कातडीला चिकटतं. सॅक्रिस्टीत वाळूची बादली ठेवा.

अर्पणाच्या वेळी क्रम असा: एक सेवक कॉर्पोरल, प्युरिफिकेटर, चॅलिस आणि मिस्साग्रंथ वेदीवर नेतो. लोकांनी आणलेली भाकर आणि वाइन धर्मगुरू घेतात, सेवक त्यांच्या हातून घेऊन ठेवतात. दानाची थैली वेदीवर ठेवायची नाही, तिची जागा खाली किंवा बाजूला. मग वाइनची कुपी, कान धर्मगुरूंच्या बाजूला करून, त्यानंतर पाण्याची. धूप असेल तर आधी धूप, आणि त्यानंतरच हात धुणं. पाणी आणि टॉवेल घेऊन पोरं नेहमी आधीच पोचतात. तांब्यातून धार बोटांवर, वाडगा खाली धरून, टॉवेल डाव्या मनगटावर उलगडलेला.

घंटी धर्मगुरूंचे हात पाहून वाजवायची, शब्द पाठ करून नव्हे. त्यांनी दोन्ही हात दानांवर पसरले की एकदा. नंतर भाकर वर उचलल्यावर आणि चॅलिस वर उचलल्यावर तुमच्याकडे चालत असेल तसं एकदा किंवा तीनदा. नवीन धर्मगुरू वेगळी युखारिस्त प्रार्थना (भाकर-वाइन पवित्र करण्याची मुख्य प्रार्थना) घेतात तेव्हा शब्दांवर बसलेला सेवक चुकतो, हातांवर बसलेला चुकत नाही.

धूपदान हा खरा अवघड विषय, इथे वेळ घालवा. कोळशाच्या तयार गोळ्या वापरत असाल तर लागायच्या आधी दहा मिनिटं पेटवा. चिमट्यात धरून कडेला आंच द्या आणि वर राखाडी थर येईपर्यंत थांबा. काळ्या कोळशावर धूप टाकला तर तो वितळून कोळसा विझवतो, आणि मग सॅक्रिस्टीत फुंकणं सुरू होतं. जुलै-ऑगस्टमध्ये गोळ्या दमट होतात. तापल्या तव्यावर दोन मिनिटं फिरवून घ्या. बाजारातली लोबानाची पूड भपकन धूर काढून संपते आणि घशाला लागते. त्यापेक्षा राळेचे वाटाण्याएवढे खडे घ्या, एका वेळी अर्धा चमचा पुरे. डबी आणि चमचा दुसऱ्या मुलाकडे द्या. एकाच मुलाला दोन्ही दिलं तर साखळी सुटतेच. पवित्र संस्कार (पवित्र झालेला होस्ट), वेदीवरचा क्रॉस, शुभवर्तमान, धर्मगुरू आणि लोक यांना प्रत्येकी तीन हेलकावे. संतांच्या मूर्तीला दोन. आधी आणि नंतर मान लववायची. मूल दहा वर्षांहून लहान असेल तर धूपदान देऊ नका, मग आईवडील कितीही म्हणोत.

मराठी मिस्सात आणखी एक गोष्ट येते जी परदेशी पुस्तकात सापडणार नाही. भारताच्या बिशपांनी मागितलेल्या बारा बदलांना रोमने 25 एप्रिल 1969 रोजी मान्यता दिली. पादत्राणं बाहेर काढणं, मेणबत्त्यांऐवजी समई, चुंबनाऐवजी हात जोडणं, पंचांग प्रणाम, दांड्याचं धूपपात्र, आरती हे सगळं त्यातलं. युखारिस्त प्रार्थनेच्या शेवटी आरती ओवाळायची असेल तर वेळ फार थोडी असते, जेमतेम अर्धा मिनिट. कापूर आधीच पेटवला तर नेमक्या वेळी तबक विझलेलं असतं. म्हणून तुपाची किंवा तेलाची वात वापरा, दिवंगतांसाठीची प्रार्थना सुरू झाली की पेटवा, आणि कापराची एक लहान वडी शेवटच्या क्षणी वातीवर धरा. समईत तेल काठोकाठ भरू नका. वात ओढली की ओघळतं, आणि गुळगुळीत फरशीवर तेल म्हणजे अपघात. आरती करणाऱ्या बायकांच्या पदराला पिन हवी.

पंख्यांचं भान ठेवा. मे महिन्यात वेदीवरचा पंखा बंद करायला कोणी तयार नसतं, पण त्याने मेणबत्त्या एका बाजूने वितळतात आणि होस्ट सिबोरियममधून (होस्टच्या पात्रातून) उडतो. काचेच्या चिमण्या लावा, झाकण उशिरा काढा, पंखा निदान अर्पणापासून कम्युनियनपर्यंत बंद ठेवा. हाच नियम उघड्यावरच्या मिस्साला दुप्पट लागू. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत मंडपात वारं असतं आणि गर्दी प्रचंड. तिथे सेवा द्यायला गट पाठवणार असाल तर वाटणाऱ्या प्रत्येकाबरोबर छत्री किंवा झेंडा धरणारा एक जण हवा, म्हणजे लोकांना रांग दिसते आणि परत यायची वाट वाटणाऱ्यालाही सापडते.

वाचकांकडे वळू. वर्ष चुकणं ही सगळ्यात मोठी चूक. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात आहेत आणि ज्या सालाला तीनने भाग जातो ते तिसरं, म्हणजे 'क' वर्ष: 2025 'क' होतं, म्हणून 2026 'अ'. आठवड्याच्या दिवसांचं पहिलं वाचन सम-विषम सालाप्रमाणे बदलतं, शुभवर्तमान दोन्ही सालांत तेच. मात्र उपासनेचं वर्ष जानेवारीत बदलत नाही, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी बदलतं. त्यामुळे डिसेंबरमध्ये जुन्याच फितीवर विसंबणारा वाचक हमखास फसतो. शुभवर्तमान वाचक वाचत नाही. ते डीकन किंवा धर्मगुरूंचं.

मराठी वाचनाचा स्वतःचा एक धोका आहे. आपल्याकडे क्रियापद वाक्याच्या शेवटी, आणि 'आहे' का 'नाही' तेही तिथंच. वाचणारा वाक्य संपत आलं की आवाज सोडतो, श्वास तुटतो आणि मागच्या बाकाला वाक्याचा अर्थच कळत नाही. पौलाच्या पत्रांत एकेक वाक्य चार-पाच ओळींचं. वाचनाची झेरॉक्स काढा, श्वासाच्या जागी पेन्सिलीने रेघ ओढा, शेवटच्या क्रियापदाखाली दोन रेघा. घरी तीनदा मोठ्याने वाचा. यहेज्केल, मलकीसदेक, थेस्सलनीका ही नावं शनिवारीच तोंडात बसवा. 'पहिले वाचन' हे शीर्षक आणि लाल अक्षरातल्या सूचना वाचायच्या नसतात. माइक हनुवटीखाली एक वीत, तोंडासमोर नाही. 'प', 'फ', 'भ' फुटतात ते तोंडासमोर धरल्यामुळे.

कम्युनियन वाटणाऱ्यांनी धर्मगुरूंनी स्वतः घेतल्यानंतरच वेदीकडे यायचं आणि पात्र त्यांच्या हातून घ्यायचं, वेदीवरून उचलायचं नाही. बुडवून देत असाल तर होस्ट जिभेवरच. लोकांनी हातात घेऊन स्वतः बुडवणं मना आहे. होस्ट खाली पडला तर गडबडू नका: उचला, बाजूला ठेवा, नंतर धर्मगुरू सांगतील तसं करा. वाइन सांडली तर ती जागा पाण्याने धुऊन ते पाणी सॅक्रेरियममध्ये, म्हणजे थेट जमिनीत जाणाऱ्या कुंडात. थाळी धरणाऱ्या मुलाला एकच सांगा, आडवी ठेव. तिरपी थाळी कण सांडते. पात्रं पुसणं आणि धुणं धर्मगुरू, डीकन किंवा नेमलेला ॲकोलाइट यांचं काम; मुलांचं नाही, आणि असाधारण सेवकांचंही नाही.

आजाऱ्यांकडे कम्युनियन न्यायचं असेल तर पिक्स (होस्ट न्यायची लहान डबी) छोट्या पिशवीत गळ्यात अडकवा, शर्टाच्या आत. दुचाकीच्या डिकीत किंवा हँडलला लावलेल्या पिशवीत नाही. सातपूरहून देवळाली कॅम्पला जाताना वाटेत भाजी घेणं, चहाला थांबणं नाही; सरळ घर. एक तासाच्या उपवासाचा नियम वयस्करांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागू नाही, हे घरच्यांना आधी फोनवर सांगा, नाहीतर मधुमेहाच्या आजी सकाळपासून उपाशी बसतात. गिळता येत नसेल तर अगदी लहान तुकडा आणि चमचाभर पाणी. घरात स्वच्छ कापड, मेणबत्ती आणि पाण्याची वाटी मांडून ठेवायला सांगा.

सीएनआयचं थोडक्यात. 1970 साली वेगवेगळी मंडळं एकत्र येऊन ते झालं, त्यामुळे जुन्या अँग्लिकन आणि जुन्या मिशन मंडळींच्या चालीत अजून फरक दिसतो. तिथे पाळकांचे मदतनीस म्हणजे ले-रीडर (दीक्षा न घेतलेला वाचक), वडील (मंडळीचे नेमलेले ज्येष्ठ) आणि कमिटीचे सभासद. ले-रीडर सकाळ-संध्याकाळची उपासना चालवू शकतो, शास्त्रपाठ वाचतो, परवानगी असेल तर उपदेश करतो. प्रभुभोजन मात्र पाळकच चालवतात. जुन्या अँग्लिकन वळणात ले-रीडर क्षमेची घोषणा आणि आशीर्वाद 'तुम्हांस' असं म्हणून देत नाही. 'आम्हांस' असं प्रार्थनेच्या रूपात म्हणतो. नवखे इथे चुकतात. लहान पेले वापरत असाल तर एका पेल्यात दहा मिली धरा, म्हणजे शंभर जणांना एक लिटर. दोन तृतीयांशच भरा, काठोकाठ भरलेला ट्रे बाकांमधून नेताना सांडतो. चोचीच्या बाटलीने भरलं तर दहा मिनिटांत शंभर होतात. अशा मदतनिसांची परंपरा नाशिकला जुनी आहे: 1854 साली चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या शरणपुरात गुलामीतून सुटलेली आफ्रिकी मुलं शिकली आणि त्यातले जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर पुढे पूर्व आफ्रिकेत धर्मशिक्षक म्हणून गेले.

दान मोजायला नेहमी दोन माणसं, एकमेकांची नातेवाईक नसलेली, त्याच दिवशी, वहीत दोघांची सही. कॅथलिक आणि सीएनआय, दोन्हीकडे.

मुलांच्या बाबतीत काही गोष्टींना सूट नाही. आईवडिलांची लेखी संमती. सॅक्रिस्टीत मुलं असताना दोन मोठे, दार उघडं. मुलगे आणि मुलींना कपडे बदलायची वेगळी जागा. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणा मोठ्याने एकट्या मुलाला निरोप पाठवायचा नाही, ग्रुपवरच आणि त्यात पालक. पोक्सो हा मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा 2012 चा कायदा चर्चच्या आवारातही तितकाच लागू आहे, आणि काही कळलं तर 'आपसात मिटवू' हा पर्याय त्यात नाही.

सराव सहा आठवडे, आठवड्याला एक तास, त्यातला अर्धा वेळ रिकाम्या चर्चमध्ये नुसतं चालणं, थांबणं आणि वस्तू हातात देणं. पाठांतर कमी. पाळीपत्रक महिन्याचं लावा, प्रत्येक मिस्साला एक जास्तीचा सेवक. परीक्षेच्या महिन्यात ते पुन्हा बघा, आणि 15 ऑगस्टला तर नक्कीच: त्या दिवशी मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो, वेदीसेवकांचा आश्रयदाता संत तार्सिसियस याचाही दिवस तोच, आणि सगळी मुलं शाळेत झेंडावंदनाला. पवित्र आठवड्यासाठी (ईस्टरच्या आधीच्या) वेगळा सराव लागतोच. गुरुवारच्या 'ग्लोरिया' या स्तुतिगीतानंतर घंटी बंद, पास्काच्या (ईस्टरच्या) रात्री पुन्हा सुरू. काही ठिकाणी मधल्या काळात लाकडी टाळ वाजवतात, ती शोधायची वेळ बुधवारची, गुरुवारची नव्हे. पास्काच्या मेणबत्तीत धूपाचे पाच कण रोवायचे असतात, ते टोचायची भोकं आधी गरम सुईने पाडून ठेवा.

मिस्सा संपल्यावर मेणबत्त्या टोपीने विझवा, फुंकू नका. पातळ मेण कापडावर उडतं. उडालंच तर थंड झाल्यावर खरवडून, खाली-वर जुना वर्तमानपत्राचा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. कोळसा पाण्यात विझवा आणि कचऱ्यात टाकण्याआधी हात लावून पाहा. प्युरिफिकेटर आणि कॉर्पोरल थेट धुण्याच्या मशीनमध्ये टाकू नका: आधी साध्या पाण्यात भिजवा, ते पाणी सॅक्रेरियममध्ये किंवा आवारातल्या झाडाच्या मुळाशी ओता, मग साबण.